अमेरिकेतला 'पीए' पुढे डॉक्टर होऊ शकतो का? 'ब्रिज प्रोग्रॅम' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'पीए' म्हटलं की मंत्र्यांच्या मागे फाइल आणि दोन मोबाइल घेऊन चालणारा माणूस आठवतो. अमेरिकेत मात्र हा पीए दवाखान्यात भेटतो. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो तुम्हाला तपासतो, रक्ताच्या चाचण्या सांगतो, एक्स-रे बघतो, औषधं लिहून देतो आणि 'दोन आठवड्यांनी परत या' म्हणतो. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला गेलेले आई-बाबा बाहेर येऊन विचारतात, "सगळं झालं, पण डॉक्टर कुठे होते?"

हा पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तो नर्स नाही, कंपाउंडर नाही आणि डॉक्टरही नाही. काम मात्र डॉक्टरच्या इतकं जवळचं की काही वर्षांनी प्रश्न येतोच: एवढं सगळं करतोच आहे, तर मग डॉक्टरच का होऊ नये? आणि व्हायचं ठरवलं, तर पहिल्यापासून सुरुवात करायची की आधीच्या शिक्षणाची काही सूट मिळते?

थोडक्यात उत्तर असं: सूट मिळते, पण फार तर एका वर्षाची. ती खास पीएंसाठी देणारा नावाजलेला अभ्यासक्रम एकच आहे आणि त्यात जागा मोजक्या. बाकीच्यांना सगळ्यांसारखं रांगेत उभं राहावं लागतं.

पीए हा प्रकार आला कुठून?

साल १९६५. अमेरिकेत डॉक्टरांचा तुटवडा होता, खेड्यापाड्यांत तर जास्तच. त्याच वेळी नौदलातून बाहेर पडलेले वैद्यकीय सहायक मोठ्या संख्येनं घरी येत होते. जहाजावर, रणांगणावर यांनी जखमा शिवल्या होत्या, सलाइन लावलं होतं, माणसं वाचवली होती. घरी आल्यावर मात्र त्यांच्या हाताला तसं काम नव्हतं, कारण कागदावर पदवी नव्हती.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी ही दोन टोकं जोडली. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर घाईनं तयार करण्यासाठी जो आखूड अभ्यासक्रम वापरला होता, त्याच धर्तीवर त्यांनी दोन वर्षांचं शिक्षण आखलं. पहिल्या तुकडीत नौदलातून आलेले चार जण होते. त्यातले तिघं ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले. अमेरिकेतले पीए आजही ६ ऑक्टोबरला आपला दिवस साजरा करतात. योगायोगानं तोच स्टेड यांचा वाढदिवस.

आज पीए व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी आणि त्यावर साधारण २७ महिन्यांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. त्यात सुमारे दोन हजार तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर जातात. मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पीएला औषधं लिहून देता येतात. इंडियाना हे शेवटचं राज्य २००७ मध्ये त्यात आलं. डॉक्टरची देखरेख किती असावी, याचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत.

मग डॉक्टर आणि पीए यांच्यात अंतर किती?

अमेरिकेत डॉक्टर होण्याचा रस्ता लांब आहे. चार वर्षांची पदवी, चार वर्षांचं मेडिकल कॉलेज, त्यानंतर रेसिडेन्सी. फॅमिली मेडिसिनला ती तीन वर्षांची, मेंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या शाखेत सात वर्षांची.

इथे दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण आपल्याकडे त्यांचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे एमडी ही एमबीबीएसनंतरची पदवी. अमेरिकेत एमडी म्हणजे मेडिकल कॉलेजची पहिलीच पदवी. तिच्याच तोडीची दुसरी पदवी म्हणजे डीओ, ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची. इतर अनेक देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हातानं उपचार करणारा. तो डॉक्टर असेलच असं नाही. अमेरिकेतला डीओ मात्र पूर्ण डॉक्टर असतो. औषधं, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, सगळं त्याला खुलं. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्थाही एकच झाली आहे.

आता कुणी म्हणेल, पीएनं शरीरशास्त्र शिकलंय, औषधशास्त्र शिकलंय, दहा वर्षं रुग्ण तपासलेत. त्याला चारपैकी दोन वर्षं माफ करायला काय हरकत आहे?

अडचण आहे मान्यतेच्या नियमांत. अमेरिकेत एमडी देणाऱ्या कॉलेजांना मान्यता देणारी संस्था किमान १३० आठवड्यांचं शिक्षण मागते. १३० आठवडे म्हणजे सुट्ट्या काढून टाकल्या तर जवळपास तीन वर्षं. म्हणूनच कुठलंही कॉलेज चाराचं तीन करू शकतं, पण तीनाचं दोन करू शकत नाही. अनुभवाचे आठवडे मोजून त्यात धरायची सोय नाही.

दुसरं कारण अभ्यासाच्या पोताचं. पीएचं शिक्षण 'रुग्णासमोर काय करायचं' याभोवती बांधलेलं आहे. जीवरसायनशास्त्र, पेशींच्या पातळीवरची विकृती, गर्भविकास हे विषय त्यात असतात, पण वेगात उरकलेले. डॉक्टरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यावरच भर असतो आणि परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा नेमका तिथेच अडवतो. त्यामुळे सूट द्यायचीच तर ती वर्गातल्या शिक्षणात न देता वॉर्डातल्या शिक्षणात द्यावी, असा विचार पुढे आला.

हा विचार प्रत्यक्षात कुणी आणला?

पेनसिल्व्हेनिया राज्यात, ईरी सरोवराच्या काठावर, लेक ईरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन आहे. 'लेकॉम' या नावानं ते ओळखलं जातं. २०१०-११ च्या सुमारास त्यांनी फक्त पीएंसाठी तीन वर्षांचा डीओ अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं नाव ॲक्सलरेटेड फिजिशियन असिस्टंट पाथवे, लोक नुसतं 'एपॅप' म्हणतात.

सुरुवातीला जागा होत्या फक्त बारा. त्यातल्या सहा अशांसाठी, जे पुढे फॅमिली मेडिसिनसारख्या प्राथमिक सेवेतच जायचं कबूल करतील; उरलेल्या सहांना शाखा निवडायची मोकळीक. ही वाटणी उगाच नव्हती. अमेरिकेत कमतरता आहे ती साध्या ताप-मधुमेह-रक्तदाबाच्या डॉक्टरची, आणि वर्ष वाचवून द्यायचं तर ते त्या कामासाठी, असा त्यामागचा हिशोब.

यात वाचतं काय? वर्गातलं शिक्षण जवळपास तेच राहतं. आखूड होतो तो रुग्णालयातल्या फिरत्या प्रशिक्षणाचा भाग, कारण तो पीएनं एकदा केलेला असतो. थोडक्यात, परीक्षेला बसणारा पीए इतर विद्यार्थ्यांइतकंच शिकून बसतो. कातरी लागते ती शेवटच्या वर्षाला.

आणि हे विसरू नका की सूट इथेच संपते. रेसिडेन्सीतून एक दिवसही कमी होत नाही. पंधरा वर्षं हृदयशस्त्रक्रियेत सहाय्य केलेला पीए डॉक्टर झाला, तरी रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी तो आणि सव्वीस वर्षांचा पोरगा एकाच पायरीवर उभे असतात. बहुधा त्याच पोराला सेंट्रल लाइन कशी घालायची हे हळूच शिकवत.

म्हणजे सगळ्यात जवळच्या रस्त्यानंही तीन अधिक तीन, सहा वर्षं. तेही फॅमिली मेडिसिन घेतलं तर.

खरा प्रश्न पैशाचा

माहितीपत्रकात 'एक वर्ष वाचवा' असं ठळक अक्षरात असतं. गेलेल्या सहा वर्षांचा हिशोब तुम्हालाच मांडावा लागतो. चला, मांडू.

अमेरिकन सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये पीएचा मध्यम वार्षिक पगार सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर होता. मेडिकल कॉलेजची तीन वर्षं हा पगार बंद. इथेच ४ लाख डॉलर गेले. रेसिडेन्सीत पगार मिळतो, पण साधारण ६० ते ७० हजारांच्या घरात. म्हणजे त्या तीन वर्षांत आणखी सुमारे २ लाखांची घट. सहा वर्षांत न मिळालेले पैसे झाले सुमारे ६ लाख डॉलर. कर धरलेला नाही. कॉलेजचं शुल्क यात नाही, त्या कर्जावरचं व्याजही नाही.

समोरच्या पारड्यात काय? फॅमिली डॉक्टरची कमाई वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे पीएपेक्षा साधारण एक लाख पंधरा-वीस हजार जास्त. नुसता बुडालेला पगार भरून निघायला पाच वर्षं, शुल्क आणि व्याज धरलं तर त्याहून बरीच जास्त. तेहतिसाव्या वर्षी सुरुवात करणारा माणूस एकोणचाळीसाव्या वर्षी डॉक्टर म्हणून कामाला लागतो आणि पैशाच्या बाबतीत जुन्या मित्राच्या बरोबरीला येईपर्यंत पंचेचाळिशी उलटलेली असते. हृदयरोग, भूल किंवा शस्त्रक्रियेची शाखा घेतली तर कमाई मोठी, पण प्रशिक्षणाची वर्षंही मोठी.

कर्जाचे नियमही आता कडक झाले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांची 'ग्रॅड प्लस' ही केंद्र सरकारची कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. ती असताना कॉलेजचा पूर्ण खर्च भागेल एवढं कर्ज मिळायचं. नव्या नियमात डॉक्टरकीसारख्या व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर ही मर्यादा आहे. शिवाय आयुष्यभरात घेतलेल्या सगळ्या केंद्रीय विद्यार्थी-कर्जांची मिळून २ लाख ५७ हजार ५०० डॉलरची कमाल मर्यादा. पीएच्या शिक्षणासाठी आधीच लाखभर घेतलेल्याला हे दुसरं कुंपण जास्त टोचणार. उरलेले पैसे खासगी बँकेकडून, आणि तिथे व्याज नि परतफेड बँकेच्या अटींवर.

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. ही केंद्रीय कर्जं नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठी असतात. एच-४ व्हिसावरच्या व्यक्तीला ती मिळत नाहीत. अनेक मेडिकल कॉलेजं तर व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. त्यामुळे 'आधी पीए, मग बघू डॉक्टरचं' असा बेत असेल, तर ग्रीन कार्डचं काय हे आधी बघा.

डॉक्टर झाल्यावर काय हातचं जातं?

याबद्दल फार कमी बोललं जातं. पीएच्या कामात एक सोय अशी आहे जी डॉक्टरला नाही: शाखा बदलता येते. आज हाडांच्या दवाखान्यात, दोन वर्षांनी त्वचारोगात, मुलं झाल्यावर रात्रपाळी नको म्हणून फॅमिली क्लिनिकमध्ये. नवी पदवी लागत नाही, कामावरच शिकता येतं. डॉक्टरला हाडांतून त्वचेकडे यायचं तर पुन्हा रेसिडेन्सी.

वेळेचंही तसंच. रेसिडेन्सीत आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणजे त्या मर्यादेपर्यंत काम असतं, हे वेगळं सांगायला नको. घरात लहान मूल असताना हे करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

मग लोक जातात कशाला? कारण काही गोष्टी पैशात मोजता येत नाहीत. शस्त्रक्रिया स्वतः करायची इच्छा असेल तर पीए राहून ती पूर्ण होत नाही. कितीही हुशार असला तरी तो पहिला सहायकच. अवघड रुग्णाचा शेवटचा निर्णय दुसऱ्या कुणाचा तरी असतो. आपल्याला जे कळतंय त्यापलीकडे आणखी काहीतरी आहे आणि ते आपल्याला शिकवलंच गेलेलं नाही, ही जाणीव काहींना स्वस्थ बसू देत नाही. हे कारण खरं असेल तर वरचा हिशोब वाचूनही माणूस जातो, आणि त्यात चूक काही नाही. फक्त 'जास्त पगार' हे एकच कारण असेल तर कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा बसलेलं बरं.

ब्रिजमध्ये जागा मिळाली नाही तर?

बहुतेक पीए नेहमीच्याच मेडिकल कॉलेजात जातात. तिथे पहिली अडचण येते ती जुन्या विषयांची. मेडिकल कॉलेजं प्रयोगशाळेसह भौतिकशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र मागतात. अनेक पीए अभ्यासक्रमांना ते पूर्ण लागत नाही. त्यामुळे दिवसभर रुग्ण तपासणारा माणूस संध्याकाळी स्थानिक कॉलेजात एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर भौतिकशास्त्राचा प्रयोग करताना दिसतो. मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. साडेसात तासांचा दिवस, ४७२ ते ५२८ या विचित्र पट्टीवर गुण.

या मार्गाची एक जमेची बाजू आहे. तीन वर्षांत एमडी देणारी काही कॉलेजं आहेत आणि ती पीएंपुरती नाहीत. टेक्सास टेक विद्यापीठात फॅमिली मेडिसिनसाठी असा वेगवान मार्ग आहे. न्यू यॉर्क विद्यापीठाचं लाँग आयलंडचं कॉलेज तीन वर्षांचंच आहे, आणि तिथे शिक्षणशुल्क नाही. ब्रॉन्क्समधल्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजनंही २०२४ मध्ये १ अब्ज डॉलरच्या देणगीनंतर शुल्क माफ केलं. ते मात्र चार वर्षांचं. अशा ठिकाणी प्रवेश मिळणं अतिशय अवघड. पण ज्याच्याकडे दहा वर्षांचा रुग्णांचा अनुभव आहे, त्याच्या अर्जात सांगण्यासारखं बरंच असतं.

सारखी दिसणारी नावं, वेगळ्या वस्तू

जाहिरातींत आणि रील्समध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' ही पीएंसाठीची पदवी टेनेसीमधल्या लिंकन मेमोरियल विद्यापीठानं २०१६ मध्ये सुरू केली, मग इतरांनीही. बराचसा अभ्यास ऑनलाइन. नावात 'डॉक्टर' आणि 'मेडिकल' दोन्ही आहेत, पण ही पदवी घेतलेला माणूस पीएच राहतो. परवाना बदलत नाही. अध्यापन किंवा व्यवस्थापनात जायचं असेल तर उपयोग आहे. पण हा ब्रिज नव्हे.

'असिस्टंट फिजिशियन' हे तर नुसते शब्द उलटे केल्यासारखं वाटतं, पण माणूस वेगळा आहे. मेडिकल कॉलेज पूर्ण केलं, रेसिडेन्सी मिळाली नाही, अशा पदवीधरांसाठी मिसुरी राज्यानं २०१४ मध्ये कायदा करून हा मर्यादित परवाना आणला. भारतातून एमबीबीएस करून गेलेल्यांना याचा उपयोग होऊ शकतो. पीएला नाही.

तिसरा प्रकार परदेशी कॉलेजांचा. 'नोकरी न सोडता डॉक्टर व्हा' असं सांगणारी कॉलेजं बेटांवर आहेत. तिथली पदवी अमेरिकेत चालेल की नाही हे कॉलेज ठरवत नाही. परदेशी वैद्यकीय पदव्या तपासणारी संस्था, तुमच्या राज्याचं परवाना मंडळ आणि रेसिडेन्सी देणारं रुग्णालय असे तिघं ठरवतात. तिघांचंही उत्तर पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

ब्रिटन आणि भारतात काय स्थिती आहे?

ब्रिटनमध्येही हा व्यवसाय आहे, पण डॉक्टर होण्यासाठी पूल नाही. तिथल्या पीएला इतर पदवीधरांसारखा चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रमच करावा लागतो. नावाचा मात्र गमतीदार घोळ झाला आहे. अमेरिकेतल्या पीए संघटनेनं २०२१ मध्ये 'असिस्टंट' सोडून 'असोसिएट' म्हणवून घ्यायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये ते आधीपासून 'असोसिएट' होते, आणि २०२५ च्या जुलैमध्ये सरकारनं नेमलेल्या लेंग समितीच्या अहवालानं त्यांना 'असिस्टंट' म्हणा अशी शिफारस केली. कारण रुग्णांना आपण डॉक्टरशीच बोलतोय असं वाटत होतं.

भारतातही पीएचे अभ्यासक्रम आहेत आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे. पण इथून एमबीबीएसला थेट जाता येत नाही. नीट द्यावी लागते आणि साडेचार वर्षं अधिक एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. दिलासा एवढाच की नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली आहे.

महाराष्ट्रात 'ब्रिज कोर्स' म्हटलं की भलताच वाद आठवतो. केंद्राच्या २०१७ च्या वैद्यकीय आयोग विधेयकात आयुष डॉक्टरांसाठी ब्रिज कोर्सची तरतूद होती. डॉक्टरांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये ती वगळली. राज्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, २०१४ च्या कायदादुरुस्तीतून आलेला. तो केलेल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करायची की नाही यावरून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. पण त्या अभ्यासक्रमातून एमबीबीएसची पदवी मिळत नाही. ठरावीक ॲलोपॅथी औषधं लिहून देण्याच्या अधिकाराचा तो वाद आहे. लेकॉमचा ब्रिज वेगळा: तिथे वर्ष कमी होतं, पण परीक्षा, पदवी आणि रेसिडेन्सी इतर डॉक्टरांसारखीच.

अर्ज करायचाच असेल, तर सध्या जागा किती, एमकॅट लागते की माफ होते, पीए म्हणून किती अनुभव हवा, हे लेकॉमच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. या अटी मधल्या काळात बदलल्या आहेत आणि जुन्या व्हिडिओंमध्ये जुन्याच अटी सांगितलेल्या सापडतात.